वामनवृक्षांचा बुंधा आणि त्याचीं मुळें



वामनवृक्ष म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम येते ती त्याची उथळ कुंडी. दिवाणखान्यांतील तिवईवर ठेवलेला, हातभर उंचीचा, पण शतायुषी वडासारखा दिसणारा तो वृक्ष पाहून घरीं आलेला पाहुणा थबकतो आणि विचारतो, "एवढ्याशा मातींत हें झाड जगतें तरी कसें?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या कलेचा इतिहास पाहूं गेल्यास असें आढळतें कीं, तें झाड कुंडींत जगतें कसें यापेक्षां, कुंडींत येण्यापूर्वीं तें कोठें वाढलें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कारण ज्या दोन गोष्टींवरून आपण त्या लहानग्या झाडाला वृद्ध समजतों, त्या म्हणजे त्याचा भरदार बुंधा आणि बुंध्याच्या पायथ्याशीं जमिनीवर पसरलेलीं मुळें. आणि या दोन्ही गोष्टी कुंडींत सहसा घडत नाहींत. त्या मोकळ्या जमिनींत घडतात.

आज त्या जमिनीचा इतिहास आपल्यापुढें ठेवावयाचा आहे. आणि त्या ओघांत वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्याच्या मातीकडे व झाडांकडेहि वळावयाचें आहे. हा जिल्हा सर्वांना ठाऊक आहे तो लोणारच्या सरोवरामुळें, सिंदखेडराजा येथील जिजाऊंच्या जन्मस्थानामुळें आणि खामगांवच्या कापसामुळें. वामनवृक्षांच्या संबंधांत त्याचें नांव सहसा निघत नाहीं. परंतु झाड मातीशीं कसें झगडतें आणि त्या झगड्यांतून त्याचा बुंधा व मुळें कशीं घडतात, हें पाहावयाचें असेल तर या जिल्ह्यासारखी दुसरी शाळा क्वचितच सांपडेल.

प्रथम थोडें मागें जाऊं. ताटांत डोंगर व झाडें मांडण्याची कला चीनची. तांग घराण्यांतील झांगहुआई या राजपुत्राची कबर इसवी सन ७०६ मध्यें बांधली गेली. तिच्या भिंतीवरील चित्रांत सेवकजन हातांत एक तबक घेऊन चालले आहेत आणि त्या तबकांत लहान खडक व रोपें मांडलेलीं आहेत. ही कला पुढें जपानांत गेली. तेथील १३०९ सालच्या कासुगा देवस्थानाच्या चित्रगुंडाळींत तबकांत लावलेलीं लहान झाडें स्पष्ट दिसतात. जपानी भाषेंत 'बोन' म्हणजे उथळ पात्र आणि 'साइ' म्हणजे लावणी, म्हणून 'बोन्साय'. आपल्याकडे रूढ झालेला 'वामनवृक्ष' हा शब्द मात्र केवळ भाषांतर नव्हे. वामन देहानें लहान होता, पण त्याचीं पावलें त्रिभुवन व्यापणारीं होतीं. देह लहान आणि पाऊल मोठें, हेंच या वृक्षाचें लक्षण. आणि झाडाचें पाऊल म्हणजे त्याचें मूळ.

जपानी कलावंतांनीं या पावलाला स्वतंत्र नांव दिलें आहे. बुंध्यापासून चोहोंकडे पसरून मातींत शिरणाऱ्या पृष्ठभागावरील मुळांना ते 'नेबारी' म्हणतात. झाडाची परीक्षा करणारा जाणकार प्रथम पानें पाहत नाहीं. तो खालीं वांकून मुळें पाहतो. मुळें सर्व बाजूंना सारखीं पसरलीं आहेत काय, एकमेकांवरून गेलीं नाहींत ना, बुंधा मुळांतून सहजपणें वर उठला आहे कीं खांबासारखा मातींत खुपसल्यासारखा दिसतो, हें तो पाहतो. नंतर तो बुंध्याकडे वळतो. झाडाच्या उंचीच्या सुमारें एक-षष्ठांश इतकी बुंध्याची जाडी असावी आणि वर जातांना तो निमुळता होत जावा, असा एक सर्वमान्य दंडक आहे. म्हणजे बारा इंच उंचीच्या झाडाला दोन इंच जाडीचा बुंधा हवा. दोन इंच ही संख्या ऐकावयास लहान वाटते. परंतु कुंडींत लावलेल्या रोपाला ती गांठावयास कित्येक वर्षें लागतात, आणि पुष्कळदां तें रोप ती कधींच गांठत नाहीं.

असें कां व्हावें? झाडाच्या सालीच्या आणि लांकडाच्या मध्यें एक अत्यंत पातळ जिवंत थर असतो. वनस्पतिशास्त्रांत त्यास ऊतककर म्हणतात. हाच थर आंतल्या बाजूस नवें लांकूड आणि बाहेरच्या बाजूस नवी साल निर्माण करतो, आणि त्यामुळें खोड जाड होतें. हें काम करण्यासाठीं त्याला अन्न लागतें, आणि तें अन्न पानें तयार करतात. पानें जितकीं अधिक, तितकें अन्न अधिक. अन्न जितकें अधिक, तितकें खोड जाड. कुंडींत मुळांना जागा थोडी, म्हणून पानें थोडीं, म्हणून अन्न थोडें. कुंडी ही झाडाला लहान ठेवण्याची युक्ति आहे. तीच युक्ति त्याला जाड होऊं देत नाहीं. ज्याला लहान आणि जाड असें दोन्ही हवें आहे, त्यानें तीं दोन कामें दोन जागीं केलीं पाहिजेत. जाडी जमिनींत कमवावी, लहानपण कुंडींत राखावें.

आज इतकें सोपें वाटणारें हें तत्त्व जपानी लोकांच्या सर्वत्र अंगवळणीं पडण्यास बराच काळ गेला, आणि त्यासाठीं त्यांना मोठी किंमत द्यावी लागली. आरंभीं जुना बुंधा मिळविण्याचा एकच मार्ग ठाऊक होता, तो म्हणजे डोंगरांतून तो उपटून आणणें. वाऱ्यानें झोडपलेलीं, बर्फानें दडपलेलीं, खडकाच्या भेगेंत शतकानुशतकें कशीबशीं तगलेलीं झाडें निसर्गानें आधींच वामन करून ठेवलेलीं असत. एकोणिसाव्या शतकांत या कलेचा बोलबाला वाढला. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत जपानचीं हीं झाडें युरोपनें पाहिलीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं शिकोकू बेटावरील इशिझुची पर्वतांतले आणि नंतर इतोइगावा भागांतील कड्यांवरचे शिम्पाकु नांवाचे जुनिपर वृक्ष फार मोलाचे ठरले. त्यांच्यासाठीं माणसें दोरखंडांना लोंबकळत कड्यांवरून उतरत. कित्येकांनीं त्यांत प्राण गमावले. आणि शतकाचा मध्य येतां येतां ते कडे जवळजवळ रिकामे झाले. शेंकडों वर्षें वाढलेलें धन एक-दोन पिढ्यांनीं संपविलें. आज जपानांत वाढविले जाणारे त्या जातीचे बहुसंख्य वामनवृक्ष त्या जुन्या झाडांच्या फांद्यांच्या कलमांपासून केलेले आहेत.

याच्या उलट कथा त्याच शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहराजवळच्या किनाशी गांवची आहे. तेथेंहि आरंभ झाला तो समुद्रकांठचे रानटी पाइन वृक्ष खणून कुंडींत लावून विकण्यापासून. परंतु तेथील शेतकरी लवकरच शेताकडे वळले. पाण्याचा चांगला निचरा होणाऱ्या रेताड जमिनींत त्यांनीं पाइनचीं रोपें ओळींनीं लावलीं, त्यांच्या कोंवळ्या खोडांना वळणें दिलीं, दर कांहीं वर्षांनीं मुळें छाटून तीं पुन्हां लावलीं, आणि नातवाच्या हातीं विक्रीस येईल असा माल आजोबानें पेरून ठेवला. दोनशें वर्षांची ही परंपरा आजहि चालू आहे, आणि जपानच्या पाइन वामनवृक्षांपैकीं फार मोठा वाटा याच भागांतून येतो. भाताच्या खाचरांशेजारीं वामनवृक्षांचें शेत, हें तेथील नित्याचें दृश्य आहे. ज्या गांवानें डोंगरावर भरंवसा ठेवण्याऐवजीं शेतावर ठेवला, त्याचा धंदा टिकला.

पुढें १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानें टोकियो उध्वस्त झालें. तेव्हां तेथील कांहीं बोन्साय माळ्यांनीं स्वच्छ पाणी, मोकळी हवा आणि चांगली माती यांच्या शोधांत शहर सोडलें आणि १९२५ मध्यें ओमिया येथें आपली वसाहत उभारली. त्यांना हवी होती ती प्रथम जमीन, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां शेतांत बुंधा व मुळें घडवितात तरी कशीं तें पाहूं. आपल्या हवेंत या कामास उत्तम झाडें म्हणजे वडाच्या कुळांतील: वड, पिंपळ, पिंपरी, उंबर, नांदरुक. चिंचहि चांगली, तिचें पान बारीक आणि साल लवकर खरबरीत होते, मात्र ती सावकाश वाढते. रोप वर्षाचें झालें कीं पावसाच्या आरंभीं तें उपटून त्याचें सरळ खालीं जाणारें सोटमूळ कापून टाकतात. बाजूचीं मुळें पंख्यासारखीं मोकळीं करून तें रोप एखाद्या फरशीवर किंवा पसरट कौलावर ठेवतात आणि त्यावर माती ओढून वाफ्यांत लावतात. खालीं दगड असल्यामुळें मुळांना खोल जातां येत नाहीं. तीं आडवीं पसरतात. सर्व युक्तीचें मर्म यांतच आहे. झाडाला दडपावयाचें नाहीं, फक्त त्याची वाट बदलावयाची.

त्यानंतर झाडाला मोकळें सोडावयाचें. येथें नवशिका माळी हमखास घाई करतो. शेंडा वाढतांना दिसला कीं त्याचे हात शिवशिवतात आणि तो कात्री चालवितो. परंतु या काळांत उंच वाढणारा शेंडा आणि खालच्या अंगाची एखादी लांब फांदी हेच बुंध्याचे अन्नदाते असतात. अशा फांदीला त्यागाची फांदी म्हणतात. ती ठेवण्यासाठीं नसते. ती बुंध्याला पोसते आणि काम झालें कीं कापली जाते. तीन-चार वर्षांनीं बुंधा हवा तेवढा झाला म्हणजे झाड खालून सुमारें तिसऱ्या भागावर छाटतात. छाटाजवळ फुटलेल्या धुमाऱ्यांपैकीं एक निवडून त्याला नवा शेंडा करतात, आणि तोहि पुन्हां कांहीं वर्षें मोकळा वाढूं देतात. असें दोन-तीनदां केलें कीं जाड, त्याहून बारीक, त्याहून बारीक अशा टप्प्यांनीं बुंधा निमुळता होत जातो. प्रत्येक छाटाची जखम भरून येण्यास वेळ लागतो. म्हणून मोठ्या जखमा झाडाच्या मागील बाजूस येतील अशा बेतानें करतात.

मुळांचें काम याहून नाजूक. दर एक-दोन वर्षांनीं झाडाभोंवतालची माती उकरून पाहावी लागते. एक मूळ इतरांपेक्षां फार जाड झालें असेल तर तें आंखूड करतात, म्हणजे अन्न दुसऱ्या बाजूच्या मुळांकडे वळतें. खालीं गेलेलीं मुळें कापतात. एखाद्या बाजूला मूळच नसेल तर आपल्या बागायतदारांना चांगली ठाऊक असलेली गुटी कलमाची युक्ति येथें उपयोगी पडते. डाळिंबाच्या फांदीवर आपण सालीचें कडें काढून तेथें ओलें शेवाळ बांधतों आणि मुळें फुटतात. पानांत तयार झालेलें अन्न सालीच्या आंतील थरांतून खालीं येत असतें. साल तोडली कीं तें तेथेंच थांबतें व सांचतें, आणि त्या सांचलेल्या पोषणावर नवीं मुळें धरतात. बुंध्याच्या पायथ्याशीं हेंच करून वर माती चढविली कीं त्या कड्याच्या वरच्या कांठाभोंवतीं मुळांचें नवें चक्र तयार होतें. साल काढण्याऐवजीं तार घट्ट आवळूनहि हाच परिणाम साधतां येतो.

आणखी एक गोष्ट. मुळें दिसावींत या हौसेनें तीं लवकर उघडीं पाडूं नयेत. मूळ मातीखालीं ओलाव्यांत असतांना लवकर जाड होतें. उघडें पडलें कीं त्याला साल चढते आणि त्याची वाढ मंदावते. म्हणून प्रथम मातीखालीं जाडी कमवावी आणि नंतर दरवर्षीं थोडी थोडी माती हलवीत मुळें प्रकाशांत आणावीं. पुष्कळ चांगलीं झाडें केवळ या एका घाईनें बिघडतात.

आतां बुलढाण्याच्या मातीकडे वळूं. या जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत. उत्तरेस पूर्णा नदीचें सपाट खोरें. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद या बाजूचा हा पयानघाट. दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरचा घाटमाथा. चिखली, मेहकर, सिंदखेडराजा, लोणार हा बालाघाट. बुलढाणा शहर याच माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंचीवर आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत खोल काळी माती आहे. पाणी प्याली कीं ती फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून तिला भेगा पडतात. कापसाचें सोटमूळ तिच्यांत खोल उतरतें म्हणून ती कापसाला वरदान ठरली. परंतु जें मूळ आडवें आणि पृष्ठभागाजवळ पसरावयाचें, त्याला ती वैरीण आहे. चिखलांत तें गुदमरतें आणि भेग पडली कीं तुटतें. शिवाय या खोऱ्याच्या बऱ्याच भागांत विहिरींचें पाणी खारें आहे. त्या पट्ट्याला लोक खारपाण पट्टा म्हणतात. अशा पाण्यानें कोंवळीं रोपें शिंपलीं तर मुळांभोंवतीं क्षार सांचतात आणि पानांच्या कडा करपतात.

घाटमाथ्यावर मात्र पुष्कळ ठिकाणीं मातीचा थर पातळ आहे आणि खालीं मुरूम लागतो. हा मुरूम म्हणजे झिजलेला काळा दगडच. शेतकरी अशा जमिनीला हलकी म्हणून नाक मुरडतो, आणि त्याच्या दृष्टीनें तें बरोबरच आहे. परंतु मुरूम, थोडी वाळू आणि कुजलेलें शेणखत यांचा वीतभर उंचीचा वाफा वामनवृक्षाच्या मुळांना अगदीं मानवतो. पाणी थांबत नाहीं, हवा खेळती राहते, आणि झाड उचलतांना मुळें तुटत नाहींत. कापसाला नाकारलेली जमीन या कामीं स्वीकारली जाते, ही या कलेची एक मौज आहे.

आणि मुळांचें वैभव पाहावयास या जिल्ह्यांत परदेशीं पुस्तक उघडण्याची गरज नाहीं. शेताच्या बांधावरील बाभळीकडे पाहावें. तिचा पाला शेळ्या खातात, तिच्या फांद्या कुंपणासाठीं तोडल्या जातात, एका बाजूचीं मुळें दरवर्षीं नांगराच्या फाळाखालीं येतात. तरी ती तगते, आणि तिचा बुंधा तिच्या उंचीच्या मानानें विलक्षण जाड व पिळदार होतो. शेळी ही शेंडा खुडणारी आणि नांगर हा मुळें छाटणारा, असे दोन माळी तिला फुकट मिळालेले आहेत. जपानी माळी बुद्धीनें जें करतो तें येथें गरजेपोटीं आपोआप घडतें.

वडाच्या कुळांतील झाडांचें सामर्थ्य तर जगाला फार पूर्वींपासून ठाऊक आहे. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर गेलेल्या माहितीवरून थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतिवेत्त्यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकाच्या सुमारास हिंदुस्थानांतील, फांद्यांतून मुळें सोडणाऱ्या वृक्षाचें वर्णन लिहून ठेवलें. कलकत्त्याजवळच्या वनस्पति-उद्यानांतील प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा रोगट झाल्यामुळें १९२५ मध्यें काढून टाकावा लागला. तरी तो वृक्ष आपल्या पारंब्यांच्या बळावर आजहि उभा आहे. बुंधा गेला, मुळें राहिलीं, आणि झाड राहिलें.

हेंच सामर्थ्य जुन्या वास्तूंना मात्र घातक ठरतें. पक्ष्याच्या विष्ठेंतून पडलेलें पिंपळाचें बीं हेमाडपंती देवळाच्या दगडांच्या सांध्यांत रुजतें. चुन्याशिवाय एकावर एक बसविलेले ते दगड मुळें जसजशीं जाड होतात तसतसे सरकूं लागतात. लोणारला दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर आहे, विवराच्या आंत सरोवराच्या कांठीं कमळजा देवीचें आणि इतर अनेक जुनीं देवळें आहेत. सिंदखेडराजाला १६२९ मध्यें देवगिरीच्या किल्ल्यांत मारल्या गेलेल्या लखुजी जाधवरावांची भव्य समाधि आहे. अशा वास्तूंवर उगवलेलें रोप बोटाएवढें असतांनाच काढणें हेंच त्यांचें खरें रक्षण. आणि येथें वामनवृक्षाच्या हौशी माणसाला एक निर्दोष संधि मिळते. पडक्या घराच्या भिंतींतून किंवा विहिरीच्या कांठावरून, मालकाच्या संमतीनें, काढून टाकावयाचेंच असलेलें पिंपळाचें रोप त्यानें घरीं आणावें. संरक्षित स्मारकावर मात्र स्वतः हात चालवूं नये; तें काम पुरातत्त्व खात्याच्या माणसांचें आहे.

परंतु मोह याहून मोठा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई-पुण्याकडे वामनवृक्षांचीं मंडळें निघालीं, वर्ग भरूं लागले, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत पुण्यांत या कलेचें मोठें प्रदर्शनहि भरलें. हौस वाढली कीं जुन्या बुंध्यांना मागणी येते. मागणी आली कीं कुणाची तरी कुदळ डोंगराकडे वळते. लोणारच्या विवराचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर, उल्कापातानें झालेलें हें विवर लाखो वर्षांपूर्वींचें आहे. त्याच्या आंतल्या उतारावरील झाडींत खडकाला मिठी मारलेलीं झाडें आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशीं अंबाबरवा आणि घाटाच्या अंगाला ज्ञानगंगा अशीं दोन अभयारण्यें या जिल्ह्यांत आहेत. लोणारलाहि अभयारण्याचा दर्जा आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्यें त्या सरोवराला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यताहि मिळाली. अशा जागेंतून झाड खणून नेणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. परंतु कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी हिशेब उरतोच. कोरड्या उतारावर शंभर वर्षें वाढलेलें झाड खणलें असतां त्याचीं बारीक मुळें खडकांतच राहतात, आणि अशीं कित्येक झाडें कुंडींत एक उन्हाळाहि काढीत नाहींत. मागें उतारावर खड्डा राहतो आणि पावसांत तेथून माती वाहूं लागते. इतोइगावाच्या कड्यांचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर असतां तोच पुन्हां लोणारच्या उतारावर लिहिण्याचें कारण नाहीं.

यावर उपाय किनाशीच्या शेतकऱ्यांनीं दाखवून ठेवला आहे. घराच्या परसांत दहा हात लांबीचा मुरमाड वाफा, दहा-वीस रोपें, तितकीच कौलें आणि पुरेसा धीर, एवढें भांडवल या कामास पुरतें. ज्याला जमीन नाहीं त्यानें भोंकें पाडलेल्या पसरट पेटींत हेंच करावें. गति कमी होईल, पण रीत तीच. लावणीपासून कुंडीपर्यंत आठ-दहा वर्षें सहज जातील. उचलण्याची वेळ आपल्या हवेंत पावसाच्या तोंडीं. उन्हाचा ताप उतरलेला असतो आणि झाड नवीं मुळें टाकण्यास उत्सुक असतें.

दहा वर्षें हा काळ कुणाला फार वाटेल. त्यांच्यासाठीं एका झाडाची हकीकत सांगून हें भाषण संपवितों. १९७६ मध्यें जपाननें अमेरिकेला वामनवृक्षांची भेट दिली. त्यांत यामाकी घराण्याचा एक पाइन वृक्ष होता. त्याची जोपासना १६२५ पासून चालू आहे, म्हणजे तेव्हां आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्महि झालेला नव्हता. पुढें २००१ मध्यें त्या घराण्यांतील नातू वॉशिंग्टनला तें झाड पाहावयास गेले. तेव्हां तेथील लोकांना समजलें कीं, ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला त्या वेळीं हा वृक्ष त्या शहरांत होता आणि तो वांचला. ज्यांनीं तें झाड प्रथम हातीं घेतलें, त्यांतील कुणीहि त्याचें आजचें रूप पाहिलें नाहीं. पिढीमागून पिढी त्याला पाणी घालीत राहिली, एवढेंच.

वामनवृक्ष ही एका माणसाच्या आयुष्यांत पुरी होणारी वस्तु नव्हे. आपल्या हातीं असतें तें इतकेंच, कीं मुळांना पहिलें वळण बरोबर द्यावें, बुंध्याला भरावयास वेळ द्यावा, आणि डोंगराचें तें डोंगरावर राहूं द्यावें.